पांतेलीकाकांचा पलंग

साफ्ताकाकूंच्या स्वप्नात पांतेलीकाका आले, ते उभेच.

“उभे म्हणजे?” कुंपणाच्या अलीकडून आनिकानं विचारलं. तिच्या हातात हिरव्या रंगात बुडवलेला ब्रश होता. तो तिनं झटकन पाठीमागे नेला, आणि तिच्या चांगल्या स्कर्टावर मागून एक हिरवा पट्टा ओढला गेला.

“उभे म्हणजे उभे! भिंतीला टेकून, कमरेवर हात ठेवून. मी म्हटलं, अरे झोप की मेल्या, पहाट व्हायला आली. तर म्हणतो कसा, कशावर झोपू?”

“स्वप्नंच ती, काकू. रात्री काही जड खाल्लंत का?”

“वाटीभर सूप प्यायले. सूप काय जड असतं?” साफ्ताकाकूंनी डोळे बारीक केले. “पलंग नीट आहे ना गं?”

“कुठला पलंग?”

“कुठला म्हणजे? त्याचा! चाळिसाव्याला मी तुझ्या त्रायानला दिला तो!”

“आहे की. घरातच आहे,” आनिका म्हणाली. हे अगदीच खोटं नव्हतं. पलंगाचा प्रत्येक तुकडा घरातच होता.

आता रोमानियातल्या आमच्या ओल्टेनियात ही गोष्ट हसण्यावारी न्यायची नसते. माणूस गेला, की चाळिसाव्या दिवशी त्याच्या नावानं त्याचा संसार एखाद्या जित्या माणसाला द्यायचा. पलंग, गादी, उशी, रजई, ताट, चमचा. बाई गेली तर बाईला, बुवा गेला तर बुवाला. घेणाऱ्यानं ‘देव त्याला पोचवो’ म्हणायचं आणि ते वापरायचं. इथं ह्यानं वापरलं, की तिकडं मेलेल्याला पोचतं. ह्यानं विकलं किंवा मोडलं, की तिकडं त्या बिचाऱ्याच्या अंगाखालून जातं. कुठं लिहिलंय म्हणाल, तर कुठंच नाही. पाद्रीबुवांना विचारू नका, ते चिडतात. पण गावात एक माणूस दाखवा, जो मेलेल्याच्या ताटात कुत्र्याला घालील.

पांतेलीकाका म्हणजे साफ्ताकाकूंचा नवरा, गावातला सगळ्यात उंच माणूस. दारातून वाकल्याशिवाय आत येता येत नसे, आणि पलंगावर आडवे झाले की पावलं बाहेर. आडवे मात्र ते बराच वेळ असायचे. त्यांचा अक्रोडाचा पलंग शेजारधर्म म्हणून आनिकाच्या नवऱ्याला, त्रायानला मिळाला. त्रायान शाळेची बस चालवतो. त्यानं इमानानं त्या पलंगावर झोपून पाहिलं. गादीत मधोमध पांतेलीकाकांच्या मापाचा खड्डा होता, आणि त्रायान त्या खड्ड्यात जो जायचा तो सकाळी आनिकानं हात दिल्यावरच वर यायचा. मग कंबर धरली, बस चालवता येईना, आणि पलंग गेला कोठारात.

आणि कोठारात गेलेली वस्तू आनिकाच्या तावडीतून सुटत नाही, हे त्रायानला ठाऊक असायला हवं होतं. आनिका सकाळी बालवाडीत स्वयंपाक करते आणि उरलेला वेळ फोनवर त्या व्हिडिओवाल्या बाईला बघते. ती बाई जुन्या फर्निचरचं कमी खर्चात नवं फर्निचर करून दाखवते, आणि शेवटी हसते. त्या हसण्यानं गावातली किती घरं उलटीपालटी झाली असतील, देव जाणे. त्रायानच्या घरात शिवणयंत्राच्या स्टँडवर हात धुवायचं बेसिन होतं. टीव्हीच्या कपाटात कोंबड्या अंडी घालत. जेवायचं टेबल म्हणजे मागच्या खोलीचा जुना दरवाजा. त्याची मूठ काढायची राहिली होती, आणि सूप सांडलं की कुलपाच्या भोकातून थेट मांडीवर यायचं. त्रायान बिचारा कामावरून आला की दारातच उभा राहून संशयानं घर न्याहाळायचा. सकाळी सोडून गेलेली खुर्ची संध्याकाळी खुर्चीच असेल, असा भरवसा त्याला राहिला नव्हता.

तर पलंगाचं असं झालं होतं. बाजूच्या फळ्या आणि मधल्या पाट्या कापून ओसरीवर बसायला बाक केला. डोक्याकडच्या फळीला खुंट्या ठोकून कोट अडकवायची सोय झाली. पायाकडच्या फळीची चपलांची मांडणी झाली. एक पैसा खर्च नाही. फक्त रंगाचा डबा, तोही बालवाडीत उरलेला.

त्या संध्याकाळी त्रायाननं सगळं ऐकून घेतलं आणि सुपाचा चमचा खाली ठेवला.

“मी सांगत होतो. सांगत होतो की नाही? मेलेल्या माणसाच्या लाकडाला करवत लावू नकोस म्हणून?”

“तू म्हणालास, कोठारात जागा अडवतोय.”

“जागा अडवतोय म्हणजे काप असं होतं का? उद्या मी जागा अडवायला लागलो तर?”

आनिकानं माप घेतल्यासारखं त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. ते बघणं त्रायानला मुळीच आवडलं नाही.

“हे बघ,” ती म्हणाली, “बाकावर त्यांची गादी टाकू, दुमडून. गादी आहे म्हणजे पलंगच की. तिकडं काय मोजपट्टी घेऊन बसलेत का कोणी?”

गादी टाकली. दुसऱ्या दिवशी दोघं कामावरून येतात, तोच साफ्ताकाकू कुंपणाशी हजर.

“बसलाय,” काकू म्हणाल्या.

“कोण?”

“कोण म्हणजे? आमचा म्हातारा. काल उभा होता, आज बसलाय. पण पाठीला टेकायला नाही म्हणतो. नुसता वाकडा होऊन बसलाय, आणि माझ्याकडे असा बघतोय!” आणि मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, “मी सहा महिन्यांच्या प्रार्थनेपर्यंत वाट बघणार. तोवर हा सुखात दिसला नाही, तर समजेन की दिलेलं पोचलं नाही. मग त्या दिवशी सगळ्या गावासमोर अंगणात नवा पलंग द्यावा लागेल. जोइत्साच्या नवऱ्याला देईन.”

जोइत्सा म्हणजे आनिकाची धाकटी जाऊ. आता तुम्हीच विचार करा. भर अंगणात, पाद्रीबुवांसमोर, एकदा दिलेला पलंग पुन्हा दुसऱ्याला द्यायचा, याचा अर्थ काय होतो? पहिल्यानं गिळला! मेलेल्याचा पलंग गिळणारं घर म्हणून नाव पडलं, की नातवंडांपर्यंत पुसलं जात नाही. आणि पलंग जाणार कुणाकडे, तर जिनं आनिकाच्या दरवाजाच्या टेबलावर जेवताना ‘वाजवून आत येऊ का’ असं विचारलं होतं, तिच्याकडे. आनिका त्या रात्री कुशीवरून कुशीवर वळत राहिली.

सकाळी कोट जमिनीवर आले आणि डोक्याकडची फळी बाकाला पाठ म्हणून लागली.

“बरं वाटतंय म्हणाला,” काकूंनी दुपारी निरोप दिला. “पण हात लोंबकळतात म्हणतो.”

चपला जमिनीवर आल्या. पायाकडची फळी मधोमध कापून बाकाला दोन बाजूंनी हात बसले. आनिकाचं काम मोठं सुबक, हे मात्र कबूल करायला हवं. त्रायान संशयानं बाकाभोवती फिरला, बसून बघायचा मोह झाला, पण बसला नाही.

“रंग कसला लावलाय म्हणतो,” काकू पुढच्या खेपेला म्हणाल्या. “एवढा हिरवा! मी काय बेडूक आहे का म्हणाला.”

आता मात्र त्रायान चमकला. ओसरी आतल्या अंगणाकडे तोंड करून आहे. काकूंच्या घरातून ती दिसत नाही, रस्त्यावरूनही दिसत नाही. काकूंचा गुडघा असा, की त्या कुंपणापर्यंत येतात तेच देवाचं नाव घेत. परसात दोन घरांच्या मधे एक छोटं फाटक होतं. त्यातून पांतेलीकाका सिगारेट ओढायला यायचे. ते गेले त्या दिवशी काकूंनीच ते तारेनं बांधून टाकलं होतं. ‘आता ह्यातून कोण यायचंय,’ असं म्हणाल्या होत्या.

“तू सांगितलंस,” त्रायान आनिकाला म्हणाला.

“मी? मी कशाला माझ्याच पायावर धोंडा पाडून घेऊ?”

“मग हिरवा तिला कसा कळला?”

“माझ्या स्कर्टाला लागला होता. तो बघितला असेल.”

“स्कर्ट बघून नवरा बेडूक म्हणतो होय?”

“स्वप्नात काहीही म्हणतात! तूच नसशील ना बोललास? बसमध्ये तुझं तोंड बंद असतं का कधी?”

“बसमध्ये पोरं असतात!”

“पोरांना आया असतात,” आनिका म्हणाली.

असा त्या घरात संशय शिरला. दोघं एकमेकांच्या फोनकडे तिरक्या नजरेनं बघू लागली. त्रायान दुकानात पाव आणायला गेला तरी आनिका विचारायची, “कोण भेटलं? काय बोललास?” आनिका बाक खरवडून लाकडाचा मूळ रंग काढत बसली की त्रायान खिडकीतून बघायचा, ही कुणाशी पुटपुटते का. शेवटी त्यानं एक युक्ती केली. आनिका कोंबड्यांकडे गेलेली बघून त्यानं बाकाच्या डाव्या हाताचा स्क्रू हळूच सैल केला. कुणाला सांगितलं नाही. आनिकाला तर नाहीच. आता हे काकूंना कळलं, तर आनिका निर्दोष. नाही कळलं, तर आनिकाच फितूर.

दुसऱ्या दिवशी कुंपणावरून हाक आली.

“त्रायान, अरे म्हातारा म्हणतो, डावीकडचं काहीतरी लटपटतंय. रेलायला गेला तर पडता पडता वाचला.”

त्रायाननं तिथल्या तिथं छातीवर क्रूस काढला. घरात आला तो पांढराफटक.

“आनिका, तू निर्दोष आहेस,” तो खुर्चीत बसत म्हणाला.

“ते मला ठाऊकच होतं. कशातून?”

“विचारू नकोस. पण तो येतो गं. खरंच येतो.”

“कोण?”

त्रायाननं नुसतं ओसरीकडे बोट केलं. बायकोसमोर त्या माणसाचं नाव घ्यायचा त्याला धीर झाला नाही. स्क्रू मात्र त्यानं जाऊन घट्ट केला, आणि आवळताना “माफ करा काका” असं म्हणाला.

त्यानंतर काय विचारता! काका म्हणाले, तोंडावर ऊन येतं. आनिकानं खोलीचा पडदा काढून ओसरीला लावला. काका म्हणाले, घसा कोरडा पडतो. मेलेल्याला तहान लागली तर ठेवावंच लागतं, त्यात काही नवल नाही. त्रायाननं घरच्या आलुबुखाराच्या दारूचा एक पेला भरून बाकाच्या हातावर ठेवला, आणि दोघं कामावर गेली. परत येऊन बघतात, तो पेला रिकामा.

“तू प्यायलास,” आनिका म्हणाली.

“मी बसमध्ये होतो! पोरांना विचार!”

“मग उडाली असेल. उन्हानं.”

“पडदा लावलाय ना तू? ऊन कुठलं?”

दोघांनी पेल्यात डोकावलं. पेल्याच्या तळाशी एक माशी बसून होती, तीही झिंगलेली. त्रायाननं दुसऱ्या दिवशी पुन्हा भरला, पुन्हा रिकामा. तिसऱ्या दिवशी त्यानं मुद्दाम जरा हलकी, पाणी घातलेली ठेवली. काकूंचा निरोप आला, “म्हणतो, त्रायान इतका कंजूष कधीपासून झाला?” तेव्हापासून त्रायान ओसरीवरून जाताना टोपी काढू लागला. बाकावर बसणं तर दूरच. आनिकानं रागानं विचारलं, “अरे, मी बसायला बाक केलाय की नुसता बघायला?” तर म्हणाला, “जागा भरलेली आहे.”

प्रार्थनेचा रविवार जवळ आला. जोइत्सानं घरातला जुना पलंग अंगणात काढून जागा करून ठेवलीय, अशी बातमी दुकानातून आली. आनिकाला अन्न गोड लागेना. करायचं ते सगळं करून झालं होतं, तरी काकूंचं मन भरत नव्हतं. रोज एक नवं गाऱ्हाणं.

“आता फक्त एकच राहिलंय,” काकू गुरुवारी म्हणाल्या. “पाय लोंबकळतात बिचाऱ्याचे. जमिनीला टेकत नाहीत. रग लागते म्हणतो. खाली एखादा पाट असता तर…”

“करते, काकू! आजच करते!” आनिका म्हणाली. उरलेली एक अक्रोडाची फळी तिनं शोधून काढली, पेन्सिलनं खूण केली, करवत लावली. दोन ओढी मारल्या आणि थांबली.

“त्रायान!”

“आता काय?”

“पांतेलीकाकांचे पाय जमिनीला टेकत नाहीत म्हणे.”

“मग कर ना पाट. वाद कशाला घालतेस मेलेल्याशी?”

“अरे, दारातून वाकून यायचा तो माणूस! ह्या बाकावर बसला तर गुडघे हनुवटीला लागतील. पाय टेकत नाहीत कसे?”

त्रायाननं टोपी डोक्यावरून काढली, परत घातली. “तिकडं जाऊन उंची कमी होत असेल.”

“आणि दुसरं सांग. पलंग आपण मोडला त्याचा. बरोबर? मग ह्या माणसानं इतक्या दिवसांत काय काय मागितलं? पाठीला मागितलं. हाताला मागितलं. सावली मागितली, प्यायला मागितलं. झोपायचं आहे असं पहिल्या दिवसानंतर एकदा तरी म्हणाला? आडवं व्हायला जागा द्या, असं म्हणाला?”

“नाही.”

“पांतेलीकाका! आणि आडवं व्हायला मागत नाहीत?”

हे मात्र त्रायानच्या पटकन डोक्यात शिरलं. पांतेलीकाकांना ओळखणारा कुणीही हे मानलं नसतं. दोघं उठून परसात गेली. छोट्या फाटकाची तार सोडवून, नीट गुंडाळी करून खुंटीला टांगलेली होती.

आनिकानं पाट पुरा करून बाकापुढे ठेवला, त्रायाननं पेला भरला, आणि शुक्रवारी सकाळी दोघं नेहमीसारखी निघाली. आनिका जाताना कुंपणावरून मोठ्यांदा ओरडली, “येते हो काकू! संध्याकाळच होईल आज!” बस वळणापाशी गेली, पोरांना शाळेत सोडलं, आणि दोघं नदीकडच्या वाटेनं मक्याच्या शेतातून, कोंबडीचोरासारखी वाकून, आपल्याच घरात मागून शिरली. त्रायानच्या चपलेत चिखल भरला होता आणि तो शिव्या घालत होता, पण हळू आवाजात.

ओसरीवर पडद्याच्या सावलीत साफ्ताकाकू बसल्या होत्या. पाठीमागे काकांच्या डोक्याकडची फळी, दोन्ही हात दोन बाजूंच्या हातांवर, पायाखाली कालचा नवा पाट. हातात पेला. समोर कोंबड्या.

“काकू!” त्रायान ओरडला.

काकू दचकल्या नाहीत. त्यांनी आधी पेला संपवला. “आलात? मला वाटलं संध्याकाळ होईल.”

“तुम्ही… म्हणजे एवढे दिवस… आणि मी बाकड्याला टोपी काढतोय!”

“काढलीस तर काय झालं? तो वडीलधाराच होता तुला.”

“काकू, तुम्हाला पलंगाचं सगळं ठाऊक होतं?” आनिकानं विचारलं.

“करवत मला ऐकू येत नाही असं वाटलं होय तुला? गुडघा गेलाय माझा, कान शाबूत आहेत. आणि अक्रोड कापला की वास येतो. चांगली संतापले होते मी. म्हटलं, एक स्वप्न सांगावं, लाज वाटेल, येऊन कबूल करतील. तर तुम्ही कुठले! गादी टाकलीत वर! मग बघायला आले, काय दिवे लावलेत ते. रागानं बसले जरा. आणि बसले ती बसलेच.”

“आणि आम्हाला सांगायचं की नाही? आमची झोप उडाली! रविवारी तुम्ही जोइत्साला…”

“जोइत्साला काय करायचाय पलंग? तिचा नवरा असाच उभ्यानं झोपतो, सगळ्या गावाला माहीत आहे.”

“म्हणजे हे सगळं खोटं?” त्रायाननं कमरेवर हात ठेवले. “एकही स्वप्न खरं नाही? काका एकदाही आले नाहीत?”

साफ्ताकाकूंनी पेला बाकाच्या हातावर ठेवला. पेला कलंडला, तो त्यांनी पुन्हा सरळ केला.

“नाही आला,” त्या म्हणाल्या. “एकदाही नाही. कॉन्स्तांताचा नवरा येतो, पक्कड कुठं ठेवली ते सांगायला येतो. पाउनाचा तर आठवड्याला येतो, गप्पा मारतो म्हणे. चर्चच्या पायरीवर सगळ्या आपापलं सांगतात आणि माझ्याकडे बघतात. मी काय सांगू? जिवंत होता तेव्हा आडवाच. मेला तरी उठून बायकोकडे यायचा कंटाळा त्याला!”

आनिका काकूंच्या शेजारी बसली. बाक दोघींना पुरला, थोडी जागा उरलीसुद्धा. त्रायान टोपी हातात घेऊन उभा राहिला, आता कुणासाठी ते त्यालाही कळत नव्हतं.

“लग्न झाल्यापासून सांगत होते मी त्याला,” काकू नाक पुसत म्हणाल्या, “फाटकाशी एक बाक कर. सगळ्यांच्या दारात आहे. संध्याकाळी दोघं बसू, येणाजाणाऱ्यांना बघू. ‘करतो’ म्हणायचा आणि जाऊन ह्याच पलंगावर पडायचा. आणि आता बघ. ह्याच पलंगाचा तू बाक केलास.” त्यांनी लाकडावर थाप मारली. “आता तिकडं पलंग नाही त्याला. आता बसेल मेला. झक मारत बसेल.”

“मग पोचलं म्हणायचं ना, काकू?” आनिकानं हळूच विचारलं.

“पोचलं की नाही ते रविवारी बघू,” काकू म्हणाल्या. एवढं होऊनही त्यांनी सुटकेचा श्वास टाकू दिला नाही. म्हातारीच ती.

रविवारी अंगणात टेबलं लागली. गव्हाचा गोड प्रसाद, कोबीच्या पानातले खिमा-भाताचे मुटके, मेणबत्त्या खोचलेले पाव. जोइत्सा नवा ब्लाउज घालून पहिल्या रांगेत, नवरा शेजारी. आनिका एवढी खाली बघत होती, की तिच्या हनुवटीला गहू लागला. पाद्रीबुवांची प्रार्थना संपली, आणि साफ्ताकाकू टेबलाला धरून उभ्या राहिल्या.

“मी चाळिसाव्याला त्रायानला पलंग दिला होता,” त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या. जोइत्सानं नवऱ्याला कोपर मारलं. “त्या पलंगाचा बाक झालाय. आनिकानं केलाय, आणि मीच करायला सांगितला. तो पोचलाय. जोइत्सा, तुझ्या नवऱ्याला हा चमचा. देव त्याला पोचवो.”

एवढंच. जोइत्साचा नवरा चमचा हातात धरून बायकोकडे बघत राहिला. पाद्रीबुवांनी विचारलं, “साफ्ता, पलंगाचा बाक करायची ही कुठली रीत?” तर काकू म्हणाल्या, “माझ्या नवऱ्याला ओळखत होतात ना तुम्ही?” पाद्रीबुवांनी थोडा विचार केला आणि मुटक्यांकडे वळले. जेवणाच्या शेवटापर्यंत गावातल्या निम्म्या विधवा आनिकाला गाठून पलंगाचं माप सांगून गेल्या. पाउनाच्या बहिणीनं तर अगदी बारकाईनं चौकशी केली, किती लाकूड लागतं, किती दिवस लागतात. तिचा नवरा जिवंत होता आणि शेजारच्याच खुर्चीवर बसून पाव खात होता. त्याचा घास तोंडातच राहिला.

त्रायानला त्या रात्री बऱ्याच दिवसांनी गाढ झोप लागली. सकाळी तो चहाचा पेला घेऊन पहिल्यांदाच त्या बाकावर टेकला आणि पाय पसरतो न पसरतो, तोच कुंपणावरून हाक आली. हाक वेगळीच होती. काकू गाउनवरच आल्या होत्या, केसांना फणी नाही, आणि गुडघ्याचं नावही नाही.

“आनिका! त्रायान! आला होता!”

“पुरे झालं, काकू,” त्रायान बाकावरूनच म्हणाला. “आता काय हवंय? छत्री?”

“अरे, खरंच आला! देवाशपथ! दारातून वाकून आला, डोकं सांभाळत. तोच कोट. आणि काय संतापलेला! ‘साफ्ता, माझा पलंग कुठाय?’ म्हणाला. ‘कोणी नेला माझा पलंग? मी किती दिवस असा बसून आहे!’”

त्रायान ताडकन उठून उभा राहिला. आनिका दारात आली, तिच्या हातातलं फडकं गळून पडलं. काकूंच्या तोंडाकडे बघून तिला कळलं, की हे सांगितलेलं स्वप्न नव्हे, पडलेलं आहे.

“अगं आई गं! काकू, मी आजच मोडते बाक. पाट्या आहेत सगळ्या. संध्याकाळपर्यंत पुन्हा पलंग उभा करते, गादीसकट!”

“खबरदार!” साफ्ताकाकू दोन्ही हातांनी कुंपण धरून ओरडल्या. “एका खिळ्याला हात लावशील तर बघ! मागू दे त्याला. मागायला तरी येईल.”